पहिल्या हाकेची पुळण

वेळंगीच्या कड्यावर जे मोठे हॉटेल आहे, त्याची कुंपणभिंत एका ठिकाणी अचानक आत वळते. बाकी सगळी भिंत सरळ, जांभ्या दगडाची, वर बोगनवेल. दक्षिणेच्या टोकाला मात्र ती पंधरा पावले मागे सरते आणि त्या मोकळ्या जागेतून बासष्ट पायऱ्या खाली समुद्राकडे उतरतात. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला पायऱ्या त्याच, आणि एस्टीच्या थांब्यापासून घामाघूम चालत आलेल्यालाही त्याच. खाली दोन कातळी टोकांच्या मधे लपलेली पांढऱ्या वाळूची पुळण आहे. वरून ती निम्मीच दिसते. उरलेली निम्मी कड्याच्या पोटाखाली असते.

पायऱ्यांच्या तोंडाशी एक नळ आहे आणि नळाशेजारच्या फळीवर तांब्याचे पंधरा-वीस तांबे पालथे घातलेले असतात. खाली जाणाऱ्याने एक तांब्या गोड्या पाण्याने भरून घ्यायचा आणि खालच्या दगडी डोणीत नेऊन ओतायचा, असा इथला रिवाज. नळाजवळ स्टुलावर तातू तांडेल बसलेला असतो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तो तिकीट मागत नाही, कारण तिकीट नाहीच. नुसता तांब्या पुढे करतो आणि म्हणतो, "आधी पाणी, मगे दर्यो."

काळा चष्मा लावून, खांद्यावर टॉवेल टाकून आलेली माणसे गोंधळतात. कोणी विचारते, खाली झाडे लावलीत का? कोणी विचारते, हा नवस कुणाचा? या प्रश्नाचीच तातू सकाळपासून वाट पाहत असतो. ऐकणारे तिघे असोत की तीस, गोष्ट तो तीच सांगतो, आणि घड्याळ बघणाऱ्याला आधी खाली बसवतो.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. किती जुनी म्हणाल तर कड्यावर हॉटेल नव्हते, रस्ता नव्हता, तेव्हाची. वर गाबितांची आठ घरे, थोडे माड आणि कड्याच्या कडेला एक उंडीचे झाड. घरचे तरणे पुरुष मचव्यांवर, मागे बायका, म्हातारे आणि पोरे. होड्या लागत त्या डोंगरापलीकडच्या खाडीत. या पुळणीवर कोणी जातच नसे, कारण जायला वाटच नव्हती. मागे ताठ कडा, आणि दोन्ही टोकांना ओहोटीच्या वेळीही माणूस बुडेल एवढे पाणी. पुळण वरून बघायची आणि आपल्या कामाला लागायचे, एवढाच तिचा उपयोग.

त्या आठांपैकी एका घरात आवडू नावाची सून होती. तिचा नवरा धाकू नारळी पौर्णिमेनंतर मचव्यावर चढला आणि दक्षिणेला मलबाराकडे गेला. जाताना दोन महिन्यांच्या लेकीच्या गालाला बोट लावून म्हणाला होता, दिवाळीक येतंय. दिवाळी आली आणि गेली. कार्तिकात एक अवेळी वादळ येऊन माड मोडून गेले. त्यानंतर बायका एकमेकींकडे नवऱ्यांची चौकशी करीनाशा झाल्या. घरात आवडू, तिची लेक आणि सासू भागीरथी. भागीरथीला सगळी वाडी भागूआये म्हणत असे.

आता इथे तीन हाकांचा नेम सांगायला हवा. तिन्हीसांजेला कोणी बाहेरून हाक मारली, तर पहिलीला ओ द्यायची नाही आणि दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच तोंड उघडायचे. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणे, आणि पहिल्या हाकेला ओ देणारा त्या हाकेमागे चालू लागतो. आज हसतील, पण हसणारेही दिवेलागणीला क्षणभर थांबूनच ओ देतात, हे तातूने पाहिले आहे. भागूआयेला तर हसण्याची सोयच नव्हती. तिची पाठची बहीण अशाच एका हाकेला "इलंय गो" म्हणून धावली ती कड्यापर्यंत गेली, आणि पुन्हा घरी आली नाही. तेव्हापासून भागूआये संध्याकाळी दार अडवूनच बसायची.

वादळानंतर दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. दिवसाचा वारा पडलेला, रात्रीचा, जमिनीकडून येणारा मतलई अजून सुटायचा होता. अशा वेळी घटकाभर समुद्र इतका निवांत होतो की पलीकडच्या घरातला पाटा-वरवंटाही ऐकू येतो. आवडू चुलीपाशी पेज ढवळीत होती. तेवढ्यात कड्याखालून एक हाक आली. लांब, जाड आवाजाची, शब्द न कळणारी. आवडूला वाटले, आपलेच नाव. तिने ओ द्यायला तोंड उघडले आणि भागूआयेने मागून येऊन ते हाताने दाबले.

"ओ देव नको गो! तीन हाको येयपर्यंत तोंड उघडूचा नाय."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. वाडीचे एक लूत लागलेले कुत्रे कड्याकडे तोंड करून जीव तोडून भुंकत होते. दुसरी हाक आली नाही. थोड्या वेळाने वारा सुटला, समुद्र पुन्हा बोलू लागला आणि बाकीचे काही ऐकू येईनासे झाले. त्यानंतरची रात्र आवडूने कशी काढली हे तातू सांगत नाही. पुरुषाच्या जातीला ते काय ठाऊक, म्हणतो.

दुसऱ्या दिवशी ती उंडीच्या झाडाला धरून कड्यावरून वाकली. दिसली ती निम्मी पुळण, रिकामी. तिने साद घातली ती वाऱ्याने परत तिच्याच तोंडावर आणून टाकली. तिन्हीसांजेला वारा पडला आणि पुन्हा हाक आली. एकच. कालच्यापेक्षा बारीक. आवडू उंबऱ्याकडे झेपावली तर भागूआये दोन्ही हात चौकटीला लावून उभी. सासू दुष्ट नव्हती हो, तातू इथे नेहमी थांबून सांगतो. एक बहीण गेलेली, मुलगा बेपत्ता, आता ही सून गेली तर पाच-सहा महिन्यांच्या नातीला दूध कोणाचे? तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही दारच अडवले असते.

आवडूच्या जिवाची ओढाताण तीच होती. खाली धाकू असेल आणि आपण ओ दिली नाही, तर आपल्या गप्प राहण्याने तो मेला. धाकू नसेल, त्याचा आवाज काढून दुसरेच काही बोलावत असेल, तर लेक पोरकी. मांडीवर पोर आणि कानात हाक, असा तिसरा दिवस गेला.

तिसऱ्या तिन्हीसांजेची हाक इतकी घोगरी होती की ती हाक आहे हे फक्त वाट बघणाऱ्यालाच कळावे. मधेच ती तुटली. भागूआये दारात होतीच. आवडू या वेळी धावली नाही. पोरीला खाली ठेवून ती सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आये," ती म्हणाली, "परवा हाक मोठी होती, काल बारीक, आज घोगरी. भुताचो गळो बसता काय गे?"

भागूआयेने चौकटीवरचा एक हात काढला आणि ती त्याची बोटे एकेक दुमडू लागली.

"परवाची एक, कालची एक, आजची एक. तीन झाल्यो," ती म्हणाली. "दी ओ."

हा हिशेब तीन हाकांच्या नेमात बसतो की नाही, यावर गावात आजही वाद घालणारे आहेत. तातूचे म्हणणे असे, की त्या म्हातारीला तो नेम आईकडून मिळाला होता, तो मोडायची तिची छाती नव्हती आणि माणसाला मरू द्यायचीही नव्हती. म्हणून तिने दोन्ही सांभाळले.

आवडू कड्यावर गेली आणि तीन दिवसांची कोंडलेली ओ तिने दिली. आठही घरांतून माणसे बाहेर आली. जाळ्याचा काथ्याचा दोर उंडीच्या बुंध्याला बांधला. आवडूच्या कमरेला त्याचे टोक भागूआयेने स्वतः आवळले आणि दोरही पहिल्यांदा तिनेच हातात धरला. मागे वाडीतल्या बायका आणि दोन म्हातारे. उजेड शिल्लक होता तोवर आवडू खाली पोचली. तिच्यामागून दुसऱ्या दोरीने पाण्याची कळशी उतरली.

कड्याच्या पोटाखाली, वरून न दिसणाऱ्या निम्म्या पुळणीवर, एक माणूस कातळाला टेकून बसला होता. तो धाकू नव्हता. ओठ फाटलेले, जीभ सुजलेली, आणि डोळे मात्र तिच्या हातातल्या कळशीवर नव्हते तर तिच्या तोंडावर होते. शेजारी फाटक्या शिडाखाली दुसरे कोणी झाकलेले होते. ते हलत नव्हते. तो माणूस "नीरू" म्हणाला आणि आवडूला ती बोली येत नसूनही कळले. तिने पदराचे टोक पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवर पिळले. एकदम पाजले नाही, थेंब थेंब दिले. समुद्रावरच्या माणसाच्या बायकोला हे कोणी शिकवावे लागत नाही. तो धाकू नाही म्हणून तिचे हात क्षणभरही थांबले नाहीत, असे सांगतात. रडली ती नंतर, त्याला वर ओढून घेतल्यावर.

त्याचे नाव तिप्पय्या. दक्षिणेकडचा पाथरवट. उत्तरेला कुठे देवळाचे काम निघाले होते, तिकडे मामासोबत गलबताने चालला होता. वादळाने गलबत फुटले आणि फळीला धरून दोघे या पुळणीला लागले. शिडाखाली होता तो मामा. दुसऱ्या दिवशी वाडीने त्याला खालीच, सुक्या वाळूवर अग्नी दिला. लाकडे वरून दोराने सोडली. भाषा कळत नसली तरी भाच्यासोबत आठही घरे उभी राहिली.

तिप्पय्या भागूआयेच्या पडवीत बरा झाला. दोन महिन्यांत इकडची बोली तोडकीमोडकी बोलू लागला. आवडूला अक्का म्हणायचा. एके दिवशी आवडूने त्याला जे विचारायचे टाळले होते ते विचारले. पहिल्या संध्याकाळची हाक जाड आवाजाची होती. ती तुझी नव्हती. कोणाची होती?

त्याने कड्याकडे बोट दाखवले, जिथे खाली मामाला अग्नी दिला होता.

पहिली हाक मामाची होती. दिवसा वाऱ्यापुढे आवाज टिकत नाही हे ओळखून त्याने वर चुलीचे धूर दिसायची आणि वारा पडायची वाट पाहिली, आणि अंगात होते नव्हते ते बळ एका हाकेत घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. म्हणजे पहिल्याच हाकेला ओ दिली असती तर तोही वाचला असता. आवडूने त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. भागूआये तर भिंतीकडे तोंड करून बसली, आणि ते हात, ज्यांनी सुनेचे तोंड दाबले होते, पदराखाली लपवून बसली.

तेव्हा तिप्पय्या जे बोलला ते तातू फार सावकाश सांगतो. तो म्हणाला, "अक्का, मामाच्या हाकेला ओ मिळाली होती. तुमचं कुत्रं भुंकलं ना! मामा म्हणाला, कुत्रं आहे म्हणजे चूल आहे, चूल आहे म्हणजे माणसं आहेत. आता भिऊ नकोस, ती येतील. तेवढ्यावर मी दोन दिवस काढले. मामा भरवसा ठेवून गेला, रागावून नाही गेला."

वाचवलेल्याने वाचवणाऱ्यांची समजूत घातली, असे हे. त्या दिवसापासून त्या लूत लागलेल्या कुत्र्याला भागूआयेच्या घरी माणसाआधी भात मिळू लागला.

तिप्पय्या बरा झाला तरी घरी गेला नाही. त्याने देवळात नारळ ठेवून बोलून टाकले होते, की या पुळणीवरून वर यायला वाट आणि खाली पाण्याचा घोट, ही दोन्ही झाल्याशिवाय आपण हलणार नाही. त्याची हत्यारे बुडाली होती. वाडीतल्यांनी एक मोडका नांगर, जहाजाचा बरे, आणून दिला, आणि खाडीपलीकडच्या लोहाराने त्याच्या छिन्न्या करून दिल्या. कमरेला दोर बांधून तिप्पय्या वरून खाली जांभा फोडीत निघाला. रोज सकाळी भागूआये त्याला पेज घेऊन जायची आणि गुडघ्यांच्या नावाने कुरकुर करायची. ती कुरकुर ऐकून ऐकून त्याने चाळिसावी पायरी चौपट रुंद केली, म्हातारीला टेकायला. तिला आजही सासूची पायरी म्हणतात. हॉटेलातले जाडजूड पाहुणे चढताना तिथे बसतात आणि मनातल्या मनात तिप्पय्याला दुवा देतात.

पायऱ्या संपल्यावर त्याने खालच्या काळ्या कातळात डोण खोदली. समोर एवढा समुद्र असून मामाला घोटभर पाणी मिळाले नव्हते. आवडू म्हणाली, मी जिवंत आहे तोवर ही डोण सुकणार नाही. आणि भागूआयेने गावाला बोलावून सांगितले, की या पुळणीवर तीन हाकांचा नेम चालायचा नाही. इथे पहिल्याच हाकेला ओ. गाव बिचकले. जुना नेम, मोडायचा कसा? मग देवळात जाऊन देवाच्या अंगाला फुले लावून कौल मागितला. उजव्या, म्हणजे होकाराच्या बाजूचे फूल पडले. एकच पडले, आणि लगेच पडले, असे सांगतात.

शिमगा दोन दिवसांवर आला. शिमग्याला कोकणातला माणूस असेल तिथून घरी येतो. धाकू आला नव्हता. आवडूने आशा सोडली होती असे नव्हे, पण त्याच्याविषयी बोलणे सोडले होते. त्या संध्याकाळी ती वर लेकीला भरवीत होती. भागूआये आपल्या पायरीवर बसली होती आणि तिप्पय्या खाली डोणीचा काठ घासत होता. वारा पडला. टोकाला वळसा घालून एक मचवा आला आणि त्याच्यावरून एक माणूस पाण्यात उतरला. वादळात डोलकाठी मोडून त्यांचा मचवा दक्षिणेच्या एका बंदरात पडून राहिला होता. तिथल्या लोकांनी त्यांना खाऊपिऊ घालून, काठी उभी करून परत पाठवले होते. खाडीकडे जाता जाता त्याला आपल्या घराखालच्या कड्यात पायऱ्या दिसल्या, ज्या तो गेला तेव्हा नव्हत्या. जवळची वाट म्हणून तो तिथेच उतरला. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याने तोंडाशी हात धरून हाक मारली, "आवडू गोऽऽ!"

त्याच्या घरी तिसऱ्या हाकेला ओ मिळते हे त्याला ठाऊक होते. दुसरीसाठी तो श्वास घेत होता.

"ओऽऽ!"

ओ आवडूची नव्हती. आवडू वर उभी राहायच्या आत, कड्याच्या मधल्या पायरीवरून भागूआयेने दिली होती. जन्मभर तीन हाकांसाठी थांबलेल्या बाईने पहिल्याच हाकेला, आवाज ओळखायलाही न थांबता, ओ दिली. आणि मग गुडघे विसरून ती उतरत सुटली. मागून कडेवर पोर घेऊन आवडू. डोणीपाशी चौघे भेटले, पाचवा तिप्पय्या. धाकूने डोणीतले पाणी ओंजळीने प्यायले, आणि ती कोणी खोदली असे विचारले. भागूआयेने तिप्पय्याचा हात धरून त्याला पुढे केले.

शिमगा झाल्यावर त्याच मचव्याने तिप्पय्याला त्याच्या गावी पोचवले. इथे तातूची गोष्ट संपते. ऐकणाऱ्यांतले कोणी तरी चाचरत म्हणते, वाटेत एकाने आम्हाला सांगितले की धाकू आलाच नाही. तातू चिडत नाही. गावात तसेही सांगणारे आहेत, म्हणतो, सांगोत. माझ्या आजीने तो आला असे सांगितले, मी तो आला असेच सांगणार, आणि या स्टुलावर बसून दुसरे काही सांगू देणार नाही.

हॉटेलच्या नकाशात भिंत सरळ होती. कामावरचा इंजिनिअर एका संध्याकाळी तातूशेजारी बसून ही गोष्ट ऐकून गेला, आणि भिंत पंधरा पावले मागे गेली. नळ हॉटेलने बसवला, तांबेही त्यांचेच. पहिल्या दिवशी मॅनेजरने स्वतः तांब्या भरून खाली नेला होता. तातू रोज देवाला दिवा लावताना त्या इंजिनिअरसाठीही हात जोडतो. त्याचे नाव विसरला आहे, त्याचे त्याला वाईट वाटते.

आजही बासष्ट पायऱ्या उतरून कोणी आले की आधी डोणीत पाणी पडते. आजही त्या पुळणीवर कोणी कोणाला हाक मारली, तर आईने मुलाला मारलेली असो की अनोळख्याने अनोळख्याला, पहिल्याच हाकेला कोणी ना कोणी ओ देते. तिथल्या कुत्र्यांना हॉटेलचे राखणदारही हाकलत नाहीत. आणि आजही, दिवस बुडून वारा पडला की तातू स्टुलावरून उठतो, कड्याच्या कडेला जातो आणि एकदाच हाक मारतो. खाली कोणी राहिले असेल तर ते ओ देते, आणि ते वर येईपर्यंत तो थांबतो. खाली कोणी नसेल तर त्याच्या पायाशी बसलेले कुत्रे भुंकते. तातू तीच ओ धरतो आणि घरी जातो.